ओपीडीतलं केस पेपरचं मशीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या संस्थेची दोन रुग्णालयं आहेत, एक ठाण्यात आणि एक नवी मुंबईत. दोन्हीकडच्या ओपीडीत पेशंटने स्वतःच आल्याची नोंद करून टोकन घ्यायची मशीनं आहेत. खरेदीच्या कागदांवर त्यांना 'सेल्फ चेक-इन कियोस्क' म्हटलंय. पेशंट, सिस्टर, वॉर्डातले मदतनीस मामा आणि मावशी सगळे 'मशीन' म्हणतात, म्हणून इथेही मशीनच. मी फ्रंट ऑफिस बघतो. इतर रुग्णालयांतले सहकारी फोन करून जे विचारतात त्याची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलंय. काही प्रश्न व्यवस्थापनाचे आहेत, काही काउंटरवरच्या मुलामुलींचे आणि काही थेट पेशंटचे.

मशीनकडून नेमकं कोणतं काम करून घ्यावं?

जुन्या पेशंटची नोंद शोधणं, आज कोणत्या डॉक्टरांना दाखवायचंय ते विचारणं, फी असल्यास घेणं, टोकन छापणं आणि पेशंट आल्याची खबर डॉक्टरांच्या स्क्रीनवर पोचवणं. बस्स. नव्या पेशंटची पूर्ण नोंदणी, विम्याचे कागद, तक्रार आणि 'डॉक्टर आज येणारेत ना?' हा सनातन प्रश्न, यातलं काही मशीनच्या गळ्यात बांधू नका.

आम्ही सुरुवातीला बांधलं होतं. नव्या पेशंटला मशीनवर पंधरा रकाने भरायला लावायचो, त्यात पिनकोडही. अंगात ताप असलेल्या माणसाला स्वतःचा पिनकोड आठवत नाही, हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. आता नव्या पेशंटकडून मशीन फक्त मोबाइल नंबर, वय आणि विभाग घेतं आणि काउंटरचं टोकन देतं. बाकीचं काउंटरवर, बसून, माणसाशी बोलत.

मशीन आल्यावर काउंटरवरची माणसं कमी करता येतील का?

हा प्रश्न नेहमी वरच्या मजल्यावरून येतो, आणि मशीन मंजूर होतं तेही बहुतेक याच आशेवर. काचेमागची एखादी खुर्ची कमी होते हे खरं. पण त्या खुर्चीवरचा माणूस काचेच्या बाहेर आणून मशीनशेजारी उभा करावा लागतो. निदान सकाळी नऊ ते बारा तरी. तो नसेल तर मशीनसमोर एक रांग लागते आणि मशीनने गोंधळात टाकलेल्यांची दुसरी रांग काउंटरवर लागते. म्हणजे आधी एक होती, आता दोन झाल्या.

उभं कोणाला करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. आम्ही आधी नवी शिकाऊ मुलं लावली. त्यांना मशीन येत होतं, रुग्णालय येत नव्हतं. 'पायाला मुंग्या येतात, कोणाकडे जाऊ?' या प्रश्नावर ती स्क्रीनकडे बघायची. मग वीस वर्षं खिडकीत केस पेपर काढलेल्या आमच्या एका ताईंना बाहेर आणलं. त्यांना मशीन दोन दिवसांत आलं. पेशंट दारातून आत येताना पाहूनच त्या ओळखतात की हा स्वतः करेल, याला फक्त सोबत हवी, आणि हिला आधी खुर्ची हवी. खिडकीमागे बसून हे त्यांना कधी दिसतच नव्हतं, असं त्याच म्हणाल्या.

किती मशीनं लागतील?

दिवसभराच्या पेशंटची संख्या बारा तासांनी भागू नका, विक्रेते तेच करतात. गर्दीचे दोन तास धरा. समजा नऊ ते अकरा दोनशे पेशंट येतात आणि त्यातले निम्मे मशीन वापरतात. एकाला दोन मिनिटं धरली, तर दोनशे मिनिटांचं काम झालं. दोन मशीनं मिळून दोन तासांत दोनशे चाळीस मिनिटं देतात. कागदावर जमतं. पण पेशंट पाच मिनिटाला चार असे येत नाहीत. स्टेशनजवळचं रुग्णालय असेल तर ट्रान्स हार्बरची गाडी लागली की वीस जण एकदम आत येतात, मग दहा मिनिटं सामसूम. शिवाय एकाचा पेपर रोल नेमका तेव्हाच संपतो. अशा ठिकाणी तीन घ्या. बजेट दोनचंच असेल तर दोन मशीनं आणि एक टॅब्लेट घेतलेला माणूस हा पर्याय तिसऱ्या मशीनपेक्षा स्वस्त आणि बरेचदा सरस पडतो.

मशीन कुठे ठेवावं?

दारातून दिसेल असं, पण दारात नाही. दारात ठेवलं की रांग पोर्चमध्ये जाते आणि स्ट्रेचर अडतं. शिवाय जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट स्क्रीनवर येते. काचेवर पाण्याचे थेंब असले की स्क्रीनला ती बोटंच वाटतात आणि न दाबलेली बटणं दाबली जातात. घोडबंदर रोडवरून दुचाकीवर भिजत आलेला माणूस आधी हात कशाला पुसणार? आम्ही मशीनशेजारी टिश्यूचा डबा ठेवलाय, छत्र्यांसाठी बादली ठेवलीय आणि पश्चिमेच्या काचेला पडदा लावलाय, कारण दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता येत नव्हती.

उंचीची परीक्षा सोपी आहे. व्हीलचेअरवर स्वतः बसा आणि सगळ्यात वरच्या बटणापर्यंत हात नेऊन बघा. आमच्या पहिल्या मशीनवर भाषा बदलायचं बटण नेमकं वरच्या कोपऱ्यात होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, तो रुग्णालयांनाही लागू आहे; खरेदीच्या कागदात ही अट लिहून घ्यायला संकोच कसला?

स्क्रीन मराठीत आहे, तरी लोक का अडखळतात?

कारण ती मराठी कोणी बोलत नाही. आमच्या मशीनवर 'अपॉइंटमेंट'साठी 'नियुक्ती' लिहून आलं होतं. एक आजोबा वैतागून म्हणाले, 'मी रिटायर होऊन बारा वर्षं झाली, आता कसली नियुक्ती?' चेक-इनच्या बटणावर 'तपासणी' होतं. एक काकू ते दाबून मशीनच्या कडेला दंड टेकवून उभ्या राहिल्या, बीपी घेईल म्हणून. चूक त्यांची कशी म्हणणार?

आता पहिल्या स्क्रीनवर दोनच मोठी बटणं आहेत: 'आधी इथे दाखवलंय' आणि 'पहिल्यांदाच आलोय'. त्याखाली 'डॉक्टरांची वेळ घेतली आहे' आणि 'वेळ घेतलेली नाही'. विभागांच्या नावांत आम्ही अवयवही लिहिले: हाडांचे डॉक्टर, कान-नाक-घसा, त्वचेचे डॉक्टर. 'ऑर्थो' हा शब्द आपल्याला रोजचा वाटतो, कासारवडवलीहून नातवाला घेऊन आलेल्या आजींना तो रोजचा नाही. प्रत्येक वाक्य छापण्याआधी मावशींना मोठ्याने वाचायला लावा. त्या जिथे थांबतील तिथे शब्द बदला.

आणखी दोन गोष्टी. जन्मतारखेसाठी फिरणारं कॅलेंडर देऊ नका. ते चालू वर्षापासून सुरू होतं आणि सत्तरीतल्या माणसाला सत्तर वर्षं मागे ढकलत जावं लागतं. सरळ आकड्यांचा पॅड द्या. आणि नाव टाइप करायला लावू नका. 'क्ष' आणि 'ज्ञ' शोधण्यात मागच्यांचा जीव जातो. मोबाइल नंबर विचारा, नावं मशीनने दाखवावीत, पेशंटने फक्त निवडावं.

भाषांचं म्हणाल तर मराठी, हिंदी, इंग्रजी हे किमान. मुंब्रा-कौसा बाजूचे पेशंट जास्त असतील तर उर्दूचा विचार करा. नवी मुंबईत दक्षिणेकडची आणि गुजराती कुटुंबं भरपूर आहेत, पण आमचा अनुभव असा की त्यांना भाषेची पाच बटणं देण्यापेक्षा चित्रं असलेली स्क्रीन जास्त उपयोगी पडते.

काही जणांची बोटं स्क्रीनला लागतच नाहीत. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक ठीक असतं. असल्या स्क्रीनला त्वचेतून जाणारा किंचितसा विद्युतभार लागतो. कोरडी, घट्टे पडलेली किंवा भेगाळलेली बोटं तिला नीट जाणवत नाहीत. तुर्भ्याच्या बाजार समितीत पोती उचलणारे माथाडी कामगार, टीटीसी एमआयडीसीतल्या कारखान्यांत रसायनात हात घालणारी माणसं आणि वर्षानुवर्षं मासळी साफ केलेल्या कोळणी, यांची बोटं दोन-तीनदा दाबूनही लागत नाहीत आणि मग माणूस ओशाळतो. मागचा कोणी 'अहो जोरात दाबा' म्हणतो. जोराने काही होत नाही.

सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवता येते, बऱ्याच मशीनांत हातमोज्यांसाठीचा पर्याय असतो, तो सुरू करा. टच स्क्रीनसाठी मिळणारी रबरी टोकाची पेन्सिल (स्टायलस) दोरीने बांधून ठेवा. जुन्या पेशंटच्या कार्डावर बारकोड छापलेला असेल तर स्क्रीनला हात लावायचीही गरज नाही, कार्ड दाखवलं की झालं. आम्ही शेवटी यावरच भर दिला.

एकाच पेशंटचे दोन-दोन, तीन-तीन यूएचआयडी (रुग्णालयातले कायमचे नोंदणी नंबर) तयार होतात. काय करावं?

मशीनपेक्षा जुना आणि मशीनमुळे वाढणारा हा रोग आहे. घाईतला माणूस जुना नंबर शोधण्यापेक्षा 'पहिल्यांदाच आलोय' दाबून मोकळा होतो. मग जुने रिपोर्ट एका नंबरवर, नवे दुसऱ्यावर, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी तिसऱ्यावर. धोका इथे आहे, रांगेत नाही.

पेशंटची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, हा नियम रुग्णालयात सगळ्यांना पाठ असतो. पुस्तकात त्या दोन खुणा म्हणजे पूर्ण नाव आणि जन्मतारीख. आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. महाराष्ट्रात एका पिढीला मास्तरांनी शाळेत घालताना १ जून हीच जन्मतारीख लावली. आमच्या यादीत १ जूनला जन्मलेले सुरेश पाटील एकाहून जास्त आहेत, आणि ते सगळे साठीच्या आसपासचे आहेत. काहींच्या आधार कार्डावर फक्त वर्ष आहे. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. 'लक्ष्मी' इंग्रजीत कुठे एक्स लावून लिहिलेलं, कुठे के-एस-एच लावून. मोबाइल नंबर म्हणाल तर घरातल्या पाच जणांचा एकच, बहुतेक थोरल्या मुलाचा.

म्हणून मोबाइल नंबर टाकल्यावर मशीनने त्या नंबरवरची सगळी नावं दाखवावीत, पण अर्धी झाकून: 'सु* पा*, वय ६२'. पूर्ण नाव दाखवलं तर मागे उभ्या असलेल्या कोणालाही घरातली माणसं कळतात. निवडल्यावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारावं, तेही तीन पर्यायांतून. दोन्ही जुळलं तरच टोकन. नाही जुळलं तर मशीनने नवा नंबर बनवू नये, काउंटरचं टोकन द्यावं. नवा यूएचआयडी फक्त माणसाने बनवायचा, ही एकच अट आम्ही घातली आणि दुहेरी नोंदी दिसण्याइतक्या घटल्या. ज्या झाल्यात त्या एकत्र करायचं काम एमआरडीकडे, म्हणजे रेकॉर्ड विभागाकडे, ठेवा, रोज, थोडं थोडं. काउंटरवरच्या मुलांना 'मर्ज'चा अधिकार देऊ नका. चुकून दोन वेगळे सुरेश पाटील एक झाले की सोडवता सोडवता पुरेवाट होते.

शेवटची तपासणी ओपीडीच्या सिस्टरने करायची. 'तुमचंच नाव अमुक ना?' असं विचारलं की माणूस 'हो' म्हणतो, ऐकू आलं नसलं तरी. 'पूर्ण नाव सांगा' असं विचारायचं.

आभा नंबर नसेल तर नोंद नाकारता येते का?

नाही. आभा हा चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा भाग, आणि तो घेणं ऐच्छिक आहे. मिशन देशभर सप्टेंबर २०२१मध्ये सुरू झालं. २०२२पासून त्यात 'स्कॅन अँड शेअर'ची सोय आहे: पेशंट आपल्या फोनवरच्या ॲपने रुग्णालयाचा क्यूआर कोड स्कॅन करतो, नाव-वय-पत्ता आपोआप येतं आणि टोकन मिळतं. यासाठी रुग्णालयाची नोंद मिशनच्या आरोग्य सुविधा यादीत असावी लागते आणि तुमचं सॉफ्टवेअर त्यांच्याशी जोडलेलं असावं लागतं. विक्रेता 'होऊन जाईल' म्हणाला तर चालू असलेलं ठिकाण दाखवायला सांगा.

माझं प्रामाणिक मत असं की ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि आभा दोन्ही आहे त्याला मशीनसमोर उभं राहायचीच गरज नाही. क्यूआर कोड मोठा छापून खुर्च्यांसमोरच्या भिंतीवर लावा. तेवढी रांग फुकटात कमी होते.

आणि आधार?

ओपीडीच्या टोकनसाठी पूर्ण आधार नंबर मागायचं काही कारण नाही. ओळखपत्र हवंच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार चालतं, किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र. मशीनच्या कॅमेऱ्याने आधारचे फोटो काढून साठवणं तर अजिबात नको. ते कुठे जाऊन बसतात हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

छातीत दुखणारा माणूस मशीनच्या रांगेत उभा राहिला तर?

राहतो. आमच्याकडे राहिला होता. घामाघूम, डाव्या हाताने खांदा दाबत, शिस्तीत तिसऱ्या नंबरवर. पुढच्या बाईंना 'सावकाश करा' म्हणत होता. मशीनशेजारच्या आमच्या ताईंनी पाहिलं आणि खुर्चीत बसवून सरळ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, नेलं.

पहिल्याच स्क्रीनवर, कुठल्याही बटणाच्या आधी, लाल पट्टीत लिहा: छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, खूप रक्त जाणं, साप चावणं, गरोदरपणात रक्तस्राव, यातलं काही असेल तर टोकन घेऊ नका, थेट कॅज्युअल्टीत जा. जमिनीवर कॅज्युअल्टीपर्यंत लाल बाण रंगवा. मशीनवर 'मला आत्ता मदत हवी' असं बटण ठेवा, जे दाबल्यावर टोकन निघत नाही, सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजते. लक्षणांची प्रश्नावली देऊन मशीनकडून तीव्रता ठरवायचा मोह काही विक्रेते दाखवतात. मी त्याच्या विरोधात आहे. सहनशील माणूस सगळीकडे 'थोडंसं' दाबतो.

सोनोग्राफीसाठी मशीनवर चेक-इन चालेल का?

टोकनपुरतं चालेल. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी असेल तर १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याखालचा (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) एफ फॉर्म भरावाच लागतो, त्यावर तिची आणि डॉक्टरांची घोषणा लागते, आणि त्यातली साधी त्रुटीसुद्धा कायद्याचा भंग मानली जाते. मशीनवरून अर्धवट आलेली माहिती तशीच फॉर्मवर चढली तर भोगावं डॉक्टरांना लागतं. म्हणून सोनोग्राफीच्या टोकनवर 'आधी सोनोग्राफी काउंटरवर भेटा' एवढंच छापा आणि फॉर्म माणसानेच भरून घ्यावा.

महात्मा फुले योजनेचे पेशंट मशीनवर काय निवडतील?

'आरोग्यमित्रांना भेटायचंय' हे वेगळं बटण ठेवा; आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात बसणारे योजनेचे मदतनीस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे लाभ ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रियांना आहेत, साध्या ओपीडी तपासणीच्या फीला नाहीत. हा फरक मशीन समजावू शकत नाही. फी भरायच्या स्क्रीनवर पोचल्यावर 'आमचं तर फुकट आहे ना?' असं होऊन माणूस चिडतो, आणि चिडणं साहजिक आहे. बटणाखाली योजनेचा १५५३८८ हा हेल्पलाइन नंबरही लिहा. कॅशलेस विम्यासाठीही असंच, सरळ टीपीए डेस्कचं (विमा कंपनीच्या वतीने कॅशलेसचे कागद बघणाऱ्या टेबलाचं) टोकन.

यूपीआयने पैसे गेले, पण टोकन आलं नाही. आता?

पेशंटला आधी टोकन द्या, वाद नंतर. डॉक्टरांची वेळ निघून जाऊ देऊ नका. त्याच्या फोनवरचा व्यवहार क्रमांक वहीत लिहून घ्या, आणि दुसऱ्यांदा पैसे भरायला सांगू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात खात्यातून पैसे कापले गेले आणि समोर पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. संध्याकाळी बिलिंगने बँकेच्या यादीशी वही ताडून पाहायची. पैसे पोचले असतील तर पावती करा; परत गेले असतील तर पुढच्या भेटीत घ्या. यात आमचे फार पैसे बुडालेले नाहीत. लोक स्वतः आणून देतात.

टोकनची चिठ्ठी पुसट येते, कोरी येते, काळी पडते. का?

कोरी आली तर रोल उलटा बसलाय. या कागदाच्या एकाच बाजूला उष्णतेने उमटणारा लेप असतो. नखाने ओरखडा मारा, काळी रेघ उठली ती छापायची बाजू. पुसट येत असेल तर छपाईचं डोकं अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, मशीन बंद करून, गार झाल्यावर. काळी पडत असेल तर सॅनिटायझर बघा. ओल्या हाताने चिठ्ठी धरली की अल्कोहोलने लेप विरघळून चिठ्ठी काळी पडते आणि आकडा गायब होतो. सॅनिटायझरची बाटली मशीनच्या आधी ठेवा, टोकन निघतं त्या बाजूला नको. आणि ही चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवली तर उडते, तेव्हा पावतीसाठी ती पुरेशी समजू नका. मागेल त्याला साध्या कागदावर पावती द्या.

मराठीत छापताना काना-मात्रा सुटत असतील तर तो प्रिंटरचा स्वतःचा फॉन्ट आहे. मजकूर चित्र म्हणून पाठवायला सांगा, अक्षरं जागच्या जागी येतात. टोकनचा आकडा मात्र हाताच्या अंगठ्याएवढा हवा. बाकी मजकूर कमी करा, आकडा मोठा करा.

वीज किंवा नेट गेलं तर?

मशीनला यूपीएस सगळे देतात. राउटर आणि नेटवर्क स्विचला द्यायला विसरतात, आणि मग मशीन जिवंत पण मुकं. सगळी साखळी यूपीएसवर आहे ना, ते एकदा प्लग काढून पाहा. महावितरणच्या पूर्वनियोजित शटडाऊनचा मेसेज येतो, त्याच दिवशी सराव करून घ्या.

आमच्याकडे छापील टोकनचे गठ्ठे आहेत, प्रत्येक विभागाचा वेगळा रंग, नंबर ५०१पासून. मशीनचे टोकन ५००च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे मशीन परत सुरू झालं तरी एकच नंबर दोघांकडे येत नाही. पहिल्यांदा हे केलं नव्हतं. दोन सत्तेचाळीस नंबर एकाच दारात उभे राहिले आणि दोघंही खरे होते. आणखी एक: वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ मागे पडतं का ते बघा. टोकनवर चुकीची वेळ असली की 'मी आधी आलोय'चं भांडण सोडवायला पुरावाच उरत नाही.

स्क्रीन किती वेळा आणि कशाने पुसायची?

गर्दीच्या वेळात तासाला एकदा, तापाच्या साथीत त्याहून जास्त. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घ्या, स्क्रीनवर फवारू नका, कडेने आत उतरतं. फिनाइल आणि ब्लीचिंगचं पाणी नको, काचेवरचा लेप जातो. पुसताना स्क्रीन थोडा वेळ बंद ठेवायची सोय मागून घ्या. आमच्या मावशींनी पहिल्या दिवशी पुसता पुसता त्वचारोगाची तीन टोकनं काढली होती.

पेशंटच्या माहितीचं काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होतायत. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय पेशंटला द्यावा लागतो, त्यात मराठी आहेच. तेव्हा मशीनवर बारीक इंग्रजीत दोन पानं आणि खाली 'मान्य' असं चालणार नाही. चार ओळी लिहा: काय घेतो, कशासाठी घेतो, कोणाला देतो, नको असेल तर कोणाला सांगायचं. जाहिरातीचे मेसेज पाठवायची परवानगी वेगळी विचारा, आणि चौकटीत आधीच बरोबरची खूण नको.

रोजच्या गोष्टी याहून साध्या आहेत. तीस सेकंद कोणी हात लावला नाही तर स्क्रीन पहिल्या पानावर जावी; जाण्याआधी 'अजून आहात का?' असं विचारावं, नाहीतर चष्मा शोधणाऱ्याला पुन्हा सुरुवात करावी लागते. बाजूने न दिसणारी फिल्म लावा. मागच्या माणसासाठी जमिनीवर रेघ मारा. बाहेरच्या टीव्हीवर फक्त टोकन नंबर दाखवा, नाव आणि विभाग एकत्र कधीच नाही. गुप्तरोग किंवा मानसोपचाराच्या दारासमोर नाव झळकणं कोणाला आवडेल? मशीनच्या मागचे यूएसबी पोर्ट बंद करा. आमच्या एका मशीनला कोणीतरी फोन चार्जिंगला लावून गेलं होतं.

मशीन नीट चालतंय हे कसं ओळखायचं?

'आज किती टोकन निघाले' हा आकडा विक्रेत्याच्या कामाचा. तुम्ही बघा की किती जणांनी सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं, आणि कोणत्या स्क्रीनवर सोडलं. एकाच स्क्रीनवर सोडणारे जास्त असतील तर दोष त्या स्क्रीनचा. दुसरं, मशीनवरून गेलेल्या किती जणांना परत काउंटरवर यावं लागलं. तिसरं मशीन सांगत नाही: सोमवारी सकाळी दारात स्टॉपवॉच घेऊन उभं राहा आणि दहा पेशंट दारापासून खुर्चीत बसेपर्यंत मोजा. महिन्यातून एकदा. मी हे करतो तेव्हा काउंटरवरची मुलं एकदम चपळ होतात, तेवढं वजा करून घ्यावं लागतं.

विक्रेत्याशी बोलताना कशावर अडून राहायचं?

बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, हे लेखी हवं. 'सपोर्ट २४ तास' म्हणजे फोन उचलणारा २४ तास, येणारा नव्हे. स्क्रीनवरचा मजकूर तुम्ही स्वतः बदलू शकला पाहिजे. 'नियुक्ती'चं 'अपॉइंटमेंट' करायला आम्हाला सात मेल लागले होते. प्रिंटरचा रोल बाजारात मिळणाऱ्या मापाचा असावा, त्यांच्याकडूनच घ्यावा लागणारा नको. करार संपल्यावर पेशंटची माहिती परत कशी मिळेल आणि त्यांच्याकडून कशी पुसली जाईल, तेही त्यात असावं. आणि प्रात्यक्षिक मीटिंग रूममध्ये बघू नका. सोमवारी सकाळी ओपीडीत मशीन आणून लावायला सांगा, विक्रेत्याच्या माणसाला शेजारी उभं करा आणि तुम्ही लांब जाऊन चहा प्या.

माझ्या आजोबांना मशीन जमत नाही. त्यांना टोकन मिळणार नाही का?

मिळणार. काउंटर बंद झालेलं नाही आणि होणारही नाही. ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया, दिव्यांग आणि तान्ह्या बाळांसाठी आमच्याकडे एक खिडकी राखीव आहे, तिथे मशीनचं टोकन लागत नाही. तुमच्या रुग्णालयात 'मशीनवरच करा' म्हणून परत पाठवत असतील तर तिथल्या प्रशासकांना लेखी कळवा.

घरच्या दुसऱ्या माणसासाठी टोकन काढता येतं का?

येतं, पेशंट इमारतीत असेल तर. शेजाऱ्यांसाठी सकाळी सातला येऊन पाच टोकन काढून ठेवणारे एक काका आमच्याकडे होते. आता पेशंटने स्वतः ओपीडीच्या सिस्टरकडे हजेरी दिल्याशिवाय टोकन पुढे सरकत नाही.

टोकन हरवलं तर?

मशीनवर मोबाइल नंबर टाका, तेच टोकन पुन्हा छापून मिळतं. रांगेतली जागा जात नाही.

रविवारी मशीन बंद ठेवावं का?

ओपीडी बंद असेल तर हो, आणि स्क्रीनवर 'आज ओपीडी बंद आहे, कॅज्युअल्टी सुरू आहे' असं मराठीत ठेवून. अंधारी स्क्रीन दिसली की लोक ती बिघडली समजून मागची वायर हलवतात.